सागवानी अभिमान

परदेशी गेलेला मराठी माणूस तेथे काय पाहतो यापेक्षा तेथे इतरांना काय ऐकवतो, यावरून त्याची पारख अधिक नेमकी होते. मी तर जुन्या चांदा जिल्ह्याचा. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तरी माझ्या अभिमानाची हद्द अद्याप जुन्या नकाशाप्रमाणेच कायम आहे. साहजिकच लेकीच्या आग्रहास्तव स्टॉकहोमला निघताना मी ठरवून टाकले होते की, त्या शहरास आपल्या झाडांचे व पाण्याचे जे काही कौतुक असेल, ते ताडोबा आणि आलापल्लीच्या रानातल्या माणसाने वडीलधाऱ्या औदार्याने ऐकून घ्यावे आणि मग आपले सुरू करावे.

वास्तविक राजधानीचे शहर म्हणून आमचे चंद्रपूरही काही कमी नाही. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाचा त्वचारोग झरपटेच्या पात्रातील पाण्याने बरा झाला, म्हणून तेथे अचलेश्वर प्रतिष्ठित झाला आणि राजधानी वसली, अशी आख्यायिका आहे. आज त्याच झरपटेत कोणी स्नान केले, तर राजाचा रोग त्याला होण्याचा संभव अधिक, ही गोष्ट मी स्टॉकहोममध्ये सांगितली नाही. २०१० साली युरोपची पहिली ‘हरित राजधानी’ हा बहुमान स्टॉकहोमला मिळाल्याचे जावयाने सांगितले, तेव्हा आम्हालाही २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशात चौथा क्रमांक दिला होता, एवढेच मी मोघमपणे म्हणालो. क्रमांक कशाबद्दल, हे त्याने विचारले नाही आणि मीही जावयाच्या ज्ञानात भर घातली नाही.

शहर चौदा बेटांवर पसरलेले. एका बाजूने मेलारेन सरोवर, दुसऱ्या बाजूने बाल्टिक समुद्र, आणि दोहोंचे पाणी जेथे मिळते तेथे, थेट राजवाड्यासमोर, माणसे गळ टाकून निवांत उभी. परवाना कोठे मिळतो, असे मी विचारले. लागत नाही, असे उत्तर आले. ज्याची सारी हयात सरकारी कचेरीत परवान्यांची नोंद करण्यात गेली, त्याला हे उत्तर जिव्हारी लागावे, यात नवल नाही.

आता वाचकांनी मला थोडी मोकळीक द्यावी, कारण ‘वासा’ या जहाजाचा विषय निघाला की हे थांबत नाहीत, अशी तक्रार घरात रूढ झाली आहे. स्वीडनच्या राजाने मोठ्या हौसेने बांधवून घेतलेली ही युद्धनौका १६२८ च्या ऑगस्टमध्ये पहिल्याच सफरीस निघाली आणि बंदराच्या आतच, एक मैलही न जाता, सर्वांच्या देखत बुडाली. १९६१ साली ती जवळजवळ अखंड वर काढण्यात आली. तिच्या काळपट ओक लाकडाकडे पाहून मी खणखणीत आवाजात म्हणालो, “आलापल्लीचा साग वापरला असता तर ही वेळ आली नसती!” यावर तेथील वाटाड्या मुलीने लेकीकडून माझे म्हणणे समजून घेतले आणि अत्यंत नम्रपणे खुलासा केला की, लाकूड तीनशे तेहतीस वर्षे पाण्याखाली टिकले, बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात जहाजाचे लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, हेही त्याला कारण, दोष होता तो अरुंद तळाचा आणि वर चढवलेल्या जड तोफांचा. थोडक्यात, त्या सबंध प्रकरणात आपले कर्तव्य बजावले ते एकट्या लाकडाने!

परंतु माझे मन खरे रमले ते पुढच्या चौकशीत. सफरीपूर्वी तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून नौकेची परीक्षा घेतली, ती इतकी हेलकावू लागली की दर्यासारंगाने परीक्षाच बंद केली, नौका नव्हे! बुडाल्यावर रीतसर चौकशी बसली. कप्तान कैद झाला. खलाशी प्यालेले होते काय, तोफा बांधलेल्या होत्या काय, यावर जबान्या झाल्या. बांधणारा मुख्य कारागीर आदल्या वर्षीच मयत. मापे मंजूर केलेली खुद्द राजाने. सबब कोणालाही शिक्षा न होता प्रकरण दाखलदफ्तर झाले. त्या परक्या देशात मला प्रथमच घरच्यासारखे वाटले.

“बाबा, आता पुढं चला ना,” लेक म्हणाली.

पुढे म्हणजे रविवारी शहराबाहेरच्या रानात. लेकीच्या शेजारच्या वृद्ध बाई सोबत होत्या. त्यांच्या हाती फणीसारखे दाते असलेला एक छोटा डबा. झुडपाखालून तो ओढला की निळी बोरे आत आणि पाने बाहेर. बाईंची बोटे जांभळे खाल्ल्यासारखी रंगली होती. रान कोणाचे, असे मी विचारले. असेल कोणाचे तरी, त्या म्हणाल्या. पावती? यावर दोघीही हसल्या. तेथे जमीन कोणाचीही असो, घराच्या अंगणात आणि उभ्या पिकात न शिरता, नासधूस न करता कोणीही रानात फिरावे, बोरे, अळंबी वेचावी. हा परंपरेचा हक्क १९९४ पासून त्यांच्या राज्यघटनेतही नमूद आहे.

मी मात्र हसू शकलो नाही. ज्या जंगलाची बढाई मी साऱ्या स्टॉकहोमला ऐकवीत होतो, ते माझे कधीच नव्हते. आणि ज्यांचे होते, त्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला आपल्याच रानावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळण्यास २००९ साल उजाडले. त्यानंतरही स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना हवाच होता. त्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यास एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांना जातीने यावे लागले. तेथे म्हातारीने डबा उचलला की काम भागते. आमच्याकडे ज्याच्या आजाने ते रान राखले, त्याने बांबू उचलला की गुन्हा दाखल होई. हा फरक हवामानाचा नव्हे, कायद्याचा आहे, आणि त्या कायद्याच्या नोंदवह्या माझ्यासारख्यांनी सुवाच्य अक्षरात भरलेल्या आहेत.

तेव्हा वाचकहो, स्टॉकहोम अवश्य पाहा, वासा तर चुकवूच नका. परंतु त्याआधी एकदा गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने मेंढ्याला जाऊन या. व्हिसा लागत नाही. मात्र ग्रामसभेला आधी विचारा. परवानगी देण्याचा अधिकार आता त्यांचा आहे.