मस्तगड@1725

जालन्यातल्या मस्तगडात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर शेवटी 'इत्यादी सर्व ऑनलाइन कामे' असं रंगवलंय आणि त्या 'इत्यादी'वरच घर चालतं. नवोदयचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, पासपोर्ट फोटोतली मागची भिंत पांढरी करणे आणि शाळेचे प्रकल्प. त्यातला 'पाणी वाचवा' हा प्रकल्प मी कधीकाळी इंटरनेटवरून इकडचं तिकडचं उचलून एकदाच बनवला. तेव्हापासून आसपासच्या शाळांतली पोरं माझ्याच शब्दांत पाणी वाचवतायत. 'दात घासताना नळ चालू ठेवू नका' ही त्यातली पहिली सूचना. जालन्यात नळाला रोज पाणी येतच नाही, त्यामुळे ती पाळणं कुणालाही जड गेलं नाही. घोळ झाला तो आभाराच्या पानावर. तिथे पहिल्या गिऱ्हाइकाचे 'माझे अंबडचे आजोबा' तसेच राहून गेले. एका वर्षी अर्ध्या वर्गाने एकाच आजोबांचे आभार मानले, तेव्हा वर्गशिक्षिकेने त्या आजोबांना पालकसभेला घेऊन या म्हणून निरोप धाडला.

माझ्या शिक्षणाबद्दल मात्र शंका नको. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि मी ती लवकरच उरकून घेतली. प्रमाणपत्र लॅमिनेट करून गल्ल्यामागे टांगलंय. लॅमिनेशन मीच केल्यामुळे आत एक बुडबुडा राहिलाय, नेमका माझ्या नावावर.

आता पासवर्डाचं. अर्ज भरायचा म्हणजे आधी खातं उघडायचं आणि खातं म्हटलं की पासवर्ड आला. आईबाप म्हणतात, "तुमीच टाका काहीतरी." पोरगं घरी पोचेपर्यंत विसरतं आणि शेवटच्या तारखेला, सर्व्हर बसलेला असताना, "काका, माझा पासवर्ड काय व्हता?" म्हणत दारात उभं. यावर मी ऐतिहासिक तोडगा काढला. निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने इथली गढी बांधली ती 1725 मध्ये. म्हणून सगळ्या पोरांना मी एकच पासवर्ड देऊन टाकला, मस्तगड@1725. अक्षरं आहेत, चिन्ह आहे, अंक आहेत. वेबसाइटसुद्धा हिरवी पट्टी दाखवून 'मजबूत' म्हणायची. त्याची चिठ्ठी मी मॉनिटरच्या कडेला चिकटवली होती. ती पंख्याच्या वाऱ्याने उडायला लागली, तेव्हा स्केचपेनने सरळ भिंतीवर लिहून टाकला. आल्यागेल्याला दिसावा म्हणून मोठ्या अक्षरात.

मोबाईल नंबरच्या रकान्यातही माझाच नंबर. एका ओटीपीपायी कुणाच्या आईला कामावरून कशाला बोलवायचं! त्यामुळे सरकारदरबारी मी केवढ्या तरी मुलांचा पालक आहे. 'आपल्या पाल्याचा अर्ज प्राप्त झाला' असे निरनिराळ्या आडनावांच्या पाल्यांचे मेसेज एकदा बायकोने वाचले. त्या रात्रीचं जेवण मी दुकानात केलं.

मे 2022 मध्ये पेपरात एक बातमी आली. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढलं होतं. आधारची प्रत कुणालाही देत बसू नका, शेवटचे चारच अंक दिसणारं आधार वापरा, इंटरनेट कॅफेच्या संगणकावर आधार डाउनलोड करू नका आणि केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. म्हणजे माझंच वर्णन, फक्त पत्ता नव्हता. घाम फुटला. पण दोनच दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे. मीही मग जमेल तितका चुकीचा अर्थ काढला आणि निवांत झालो. पोरांची आधारं, गुणपत्रकं, बापांचे उत्पन्नाचे दाखले डेस्कटॉपवर साठत राहिले. पुढेमागे लागलं तर पोरांना हेलपाटा नको, हा माझा परोपकार. पडद्यावर मी हौसेने गणपती लावला होता. तो हळूहळू पीडीएफखाली बुडत गेला आणि शेवटी हातातला मोदक तेवढा दिसायचा.

अशा माणसाला एका शाळेने फेब्रुवारीत, सुरक्षित इंटरनेट दिवसाला, 'संगणकतज्ज्ञ' म्हणून भाषणाला बोलावलं. विषय होता 'विद्यार्थ्यांनी संगणक व इंटरनेट जबाबदारीने कसे वापरावे'. शाल-श्रीफळ मिळणार होतं. मी गेलो, वर दुकानाचा लॅपटॉपही घेऊन गेलो.

सुरुवात झकास झाली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगितली. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. मागून एकाने हात वर केला. "काका, सातला तर तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी राहते. तव्हा भोंगा वाजला तर दुकान बंद करता का?" मी ऐकलं न ऐकलं केलं आणि फळ्यावर 1930 लिहिलं. ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली की या नंबरावर लगेच फोन करायचा. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मग आवाज चढवून कायदा काढला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 सी. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद! हॉल चिडीचूप. मी म्हणालो, "पासवर्ड सख्ख्या भावालासुद्धा सांगायचा नाही."

सातवीतली एक मुलगी उठली. "काका, मंग माझा पासवर्ड तुमच्या दुकानाच्या भिंतीवर काहून लिहिलाय?"

"माझापण तोच आहे," शेजारची म्हणाली. मग तिसरा, मग पूर्ण रांग. एका वर्गाला आपण एकाच किल्लीचे मालक आहोत हा शोध माझ्या देखत लागला. एका मुलाला गेल्या वर्षीचं कोडंही उलगडलं. अर्ज पक्का व्हायच्या आधी त्याचं परीक्षा केंद्र जालन्याचं भोकरदन कसं झालं होतं ते त्याला आता कळलं. त्याने मागे वळून एका मित्राकडे असं पाहिलं की त्या मित्राने बुटाची लेस बांधायला घेतली. मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं, वेबसाइटची चूक आहे.

विषय बदलावा म्हणून घाईघाईने प्रोजेक्टर लावला. पडद्यावर भाषणाच्या स्लाइडऐवजी माझा डेस्कटॉप उमटला, मोदकासकट. निकालाची यादी लागल्यासारखी पोरं पडद्याशी जमली. "तो खालून तिसरा मी!" "अय, तुझ्या पप्पाचं उत्पन्न एवढंच?" हे दुसरं वाक्य ऐकलं आणि मला हसू येईना. ज्याच्या बापाचा दाखला होता तो पोरगा काही न बोलता जागेवर जाऊन बसला. मी वायर उपटली.

संगणकाच्या सरांनी मग माझ्या अब्रूची उरलीसुरली सोय केली. 2023 मध्ये देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असं त्यांनी मुलांना समजावलं. मुलांबाबतचे नियम मोडले तर दंड दोनशे कोटींपर्यंत जाऊ शकतो, हेही सांगितलं. दोन रुपयाला एक प्रत या दराने मी मनातल्या मनात हिशेब सुरू केला आणि सोडून दिला. शेवटी 'काही शंका?' असं विचारायची पद्धत असते म्हणून मी विचारलं. त्याच मुलीने वही उघडली. "काका, 1930 ला तुमच्याबद्दल सांगता येतं का?"

श्रीफळ मिळालं. शाल बहुधा कुणाला आठवली नाही.

त्या रात्री दुकानाची भिंत रंगवली. स्केचपेन डांबरट निघालं, एका हातात झाकलं गेलं नाही. आता पासवर्ड पोरं स्वतः टाकतात आणि तेवढ्या वेळात मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. विसरतात, ओरडतात, पुन्हा नवा करतात. शेवटच्या तारखेला रांग वाढते. आधारचे चारच अंक दिसतात, प्रिंट निघाली की फाइल त्यांच्यासमोर पुसतो. त्या सातवीतल्या मुलीने स्वतःचा पासवर्ड काय ठेवलाय मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही.

तुमच्या पोराचा अर्ज माझ्यासारख्या कुणाच्या दुकानातून भरला असेल, तर आज संध्याकाळी पोराला घेऊन तिथे जा. पासवर्ड त्यालाच बदलू द्या, मोबाईल नंबर आपला टाका आणि सगळ्या फाइली डोळ्यांदेखत पुसायला लावा, रिसायकल बिनसुद्धा. आमच्याकडे याचे पैसे पडत नाहीत. प्रिंट काढली तर दोन रुपये.