हिची वायर कुठंय?

गाडी बंद पडणं ही सरळ गोष्ट असते. पेट्रोल संपलं, प्लग काळा पडला, बॅटरी बसली. माणूस उतरतो, दोन शिव्या घालतो आणि ढकलायला लागतो. हायड्रॉलिक क्लच बिघडलेली गाडी बंद पडत नाही. ती चालूच राहते, हीच तिची तक्रार. सिग्नलचा दिवा लाल, क्लच मुठीपर्यंत दाबलेला, आणि तरी गाडी पुढच्याच्या डिकीकडे इंचाइंचानं सरकतेय. न्यूट्रल टाकावं तर पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. मधलं स्टेशन लागतच नाही. मीटरमधला न्यूट्रलचा हिरवा दिवा पेटायच्या आत सिग्नलचा हिरवा पेटतो आणि मागचा पिकअपवाला हॉर्न देतो. मिशिगनमध्ये लोक सहसा हॉर्न देत नाहीत. मला देतात.

गाडी म्हणजे १९८४ सालची होंडा नाइटहॉक एस मोटरसायकल. डेट्रॉइटच्या उपनगरात राहून दिवसभर कॉम्प्युटरवर मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या काढणाऱ्या माणसाला कशानं तरी हात खरोखर काळे करावेसे वाटतात, एवढंच तिच्या खरेदीचं समर्थन. बायकोला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

इंजिन ६९६ सीसीचं. हा विचित्र आकडा कुठून आला, त्याची कथा थेट व्हाइट हाउसपर्यंत जाते. जपानी गाड्या आम्हाला जगू देत नाहीत, असं गाऱ्हाणं हार्ली-डेव्हिडसननं सरकारकडे घातलं आणि १९८३ साली रेगनसाहेबांनी ७०० सीसीच्या वरच्या परदेशी मोटरसायकलींवरची जकात ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेली. जपान्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी साडेसातशेची इंजिनं थोडी आवळली आणि सातशेच्या अलीकडे आणून उभी केली. नियम अक्षरशः पाळून त्याचा मामा करायची ही रीत पाहिली की मला सोसायटीच्या मीटिंगा आठवतात आणि परदेशात असल्यासारखं वाटत नाही.

या गाडीची मूळ कीर्ती ‘कटकट नाही’ अशी. चेन नाही, शाफ्ट आहे. टॅपेट सेट करायचे नाहीत, हायड्रॉलिक आहेत. क्लचही हायड्रॉलिक, त्यामुळे वायर ताणायला नको. जिथं जिथं मालकाला पाना लावावा लागला असता, तिथं तिथं होंडानं तेल भरलं. पाना लावायची कटकट गेली हे खरं, पण बिघाड डोळ्यांना दिसायचाही बंद झाला.

वायरचं तसं नसतं. ती लिव्हरपाशी एकेक तार सोडत जाते, मालकाला आठ-पंधरा दिवसांची मुदत देते आणि मग तुटते. बाबा त्याच जगातले. पुण्यात त्यांची येझदी होती, आणि क्लच या विषयात त्यांच्यापुढे अजून कुणी तोंड उघडलेलं नाही.

“क्लच धरत नाही?” व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं.

“धरतो, बाबा. सुटत नाही.”

“मग सोपं आहे. वायर सैल झालीय. ॲडजस्टर दोन आटे बाहेर घे.”

“हिला वायर नाहीये. तेलावर चालतो. ब्रेक ऑइल.”

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग मान वळवून आत आईला म्हणाले, “अगं, ऐकलंस का, ह्याला वायर काढून घेऊन गाडी विकलीय.” आणि पुन्हा माझ्याकडे वळून, “आमच्या येझदीला तर क्लच दाबावाही लागायचा नाही. गिअरचा पाय दाबला की आपोआप सुटायचा.” हे मात्र खरं आहे. येझदीच्या गिअरच्या दांडीतच ती सोय होती. आपल्या वडिलांची फुशारकी तांत्रिकदृष्ट्या अचूक निघावी यासारखं दुःख नाही.

आता या तेलाचा मामला. हँडलवर लिव्हरपाशी एक छोटी डबी, तिच्या पोटात मास्टर सिलिंडर. लिव्हर दाबली की पिस्टन तेल ढकलतो, ते नळीतून खाली इंजिनापाशी स्लेव्ह सिलिंडरला जातं, तिथला पिस्टन एक लांब दांडी रेटतो, आणि क्लचच्या प्लेटा सुट्या होतात. सगळा भरवसा पास्कलच्या एका गोष्टीवर: कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. पण द्रवावरचा. हवा घुसली की हाताचा सगळा जोर हवेला चेपण्यात जातो आणि खालच्या दांडीला काही कळतच नाही. वाटाण्याएवढा बुडबुडा दोन क्विंटलच्या गाडीला सिग्नलवर नाचवतो.

सुदैवानं लिव्हर नीट चौकशी केली तर बोलते. भराभर मारल्यावर टणक झाली, तर आत हवा आहे. दाबून धरली आणि बोटाखालून हळूहळू हँडलकडे निघाली, तर मास्टरचं रबर थकलंय आणि तेल त्याच्या कडेनं मागं सटकतंय. डबीतली पातळी उतरतेय पण वर कुठं ओल नाही, तर खालचं स्लेव्ह गळतंय. आमची भराभर मारल्यावर टणक व्हायची, पातळी उतरलेली होती, आणि स्लेव्हचं झाकण काढलं तर आत ओलं, काळं, चिकट.

पण असं पुराव्यानं सिद्ध झालेलं लोकांना आवडत नाही. शेजारचे निवृत्त गृहस्थ, उभी हयात गिअरबॉक्सच्या कारखान्यात काढलेली, कुंपणावरून म्हणाले, प्लेटा चिकटल्यात. इथल्या मराठी मंडळातले एक कोल्हापूरकर डॉक्टर म्हणाले, इंजिन ऑइल चुकीचं आहे. बायको म्हणाली, विकून टाक. तिन्ही निदानांत तिचंच सर्वांत स्वस्त होतं.

डबी उघडायची तर झाकणाला दोन स्क्रू. जुनी जपानी गाडी घेणाऱ्यांची पहिली परीक्षा इथंच होते. हे स्क्रू दिसतात साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरचे, पण त्यांची खाच जपानी मापाची असते. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर लावला की तो वर चढतो आणि खाच गुळगुळीत करून ठेवतो. अमेरिकेतल्या कितीतरी होंडांच्या झाकणांवर ही गुळगुळीत विहीर बघायला मिळते. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर मिळतो, तो घ्यावा, आणि शेजाऱ्यांना उसना देऊ नये.

झाकण निघालं. हे ब्रेक ऑइल, डॉट ४, नव्यानं फिकट पिवळं, पारदर्शक असतं. आमच्या डबीच्या तळाशी काकवी होती. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि इथं तर हिवाळा लागला की गाडी ताडपत्रीखाली जाते ती वसंतापर्यंत. ओल शोषायला इतका निवांत वेळ दुसऱ्या कुठल्या तेलाला मिळत नसेल. शिवाय ते रंग खातं. टाकीवर थेंब पडला आणि तसाच राहिला की रंग फुगून सुटतो. म्हणून मी टाकीवर टॉवेल अंथरला. तो टॉवेल कुणाचा, हा प्रश्न नंतर स्वतंत्रपणे हाताळावा लागला.

स्लेव्हचं सील बदललं, तांब्याचे वॉशर नवे घातले, आणि आली हवा काढायची वेळ. याला दोन माणसं लागतात. एकानं लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली आठच्या पान्यानं निपल उघडायचा, बुडबुडे नळीतून बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचा, आणि मगच पहिल्यानं लिव्हर सोडायची. आधी सोडली तर बाहेरची हवा परत आत. बायको लिव्हरवर उभी राहिली ती खांद्यात फोन धरून, पलीकडे तिची बहीण.

“दाब,” मी खालून ओरडलो.

“दाबलं. नाही गं, तुला नाही, ह्याला. हं, मग सासूबाई काय म्हणाल्या?”

“धर!”

“धरलंय रे. अय्या, मग तू सोडलंस?”

“सोडू नकोस!”

“मी सोडलं नाहीये, तिनं सोडलं. नोकरी.”

मेहुणीची नोकरी सुटली, बुडबुडे मात्र येत राहिले. पुढं ते थांबले, निपलमधून स्वच्छ तेल यायला लागलं, आणि तरी लिव्हर मेलेलीच. न गळणारं स्लेव्ह, नवं तेल, खाली हवा नाही, वर जीव नाही.

तेव्हा मी झाकण काढून डबीत बघत लिव्हर अगदी हलकेच दाबली. धडधाकट क्लचमध्ये लिव्हर हलायला लागताच तळातून तेलाचं बारीक कारंजं उडतं. आमच्याकडे पाणीकपात होती. डबीच्या तळाला दोन भोकं असतात, एक दिसणारं आणि एक असतं असं पुस्तकात लिहिलेलं. हे दुसरं केसाएवढं. मास्टरमधले बुडबुडे वर निसटतात ते त्यातून, आणि इंजिनाच्या आचेनं फुगलेलं तेल मागं येतं तेही त्यातूनच. ते पार बुजलं तर उलटा रोग होतो: दाब आत कोंडून राहतो, क्लच अर्धा दाबलेलाच राहतो, आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतं. काकवी नेमकी तिथं जाऊन बसली होती.

त्यात सुई जात नाही. टाचणीचा तर विचारच नको, भोक मोठं होईल. जाते ती गिटारची सगळ्यात बारीक तार, पाव मिलिमीटरच्याही आतली. मुलीकडे जास्तीची होती. “बाबा, ही वाजवायची असते,” ती म्हणाली. तार सावकाश फिरवली, काहीतरी मऊ फुटल्यासारखं लागलं, लिव्हर हलकेच दाबली, आणि कारंजं उडालं. माझ्या चष्म्यावर. टॉवेल वाचला.

उरलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांसाठी जुना उपाय म्हणजे लिव्हर रात्रभर हँडलला आवळून बांधायची आणि सकाळी सोडायची. दाबाखाली चुरलेले बुडबुडे रात्रीतून वर सरकतात, आणि लिव्हर सुटली की डबीतून निघून जातात. लोक प्लास्टिकचा पट्टा वापरतात. मी पायजम्याची नाडी वापरली, ती पक्की बसते.

सकाळी पहिला गिअर पडला तो कळलाच नाही. सिग्नलला बुटाच्या टोकानं नुसतं सुचवलं आणि न्यूट्रल लागलं. हिरवा दिवा इतका वेळ बघत बसलो की मागच्यानं हॉर्न दिला.

बाबांना फोटोसकट सविस्तर कळवलं: डबी, भोक, तार, कारंजं. “छान,” एवढंच उत्तर आलं. पुढच्या महिन्यात मावशी पुण्याहून आली. बॅगेतून चकल्या निघाल्या, गोडा मसाला निघाला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, ग्रीस लावलेली, नाना पेठेतून आणलेली क्लचची वायर निघाली.

मी फोन लावला. “बाबा, ही कुठल्या गाडीची?”

“सगळ्यांना बसते,” बाबा म्हणाले. “जरा कापून घे.”