अडीच इंची सरदार

सरदाराचा पट्टा एका बाजूला कललेला असतो. उजव्या कुशीला, शर्टाखाली, काहीतरी आडवं अडकवलेलं असतं. ते दिसू नये म्हणून तो बारा महिने शर्ट बाहेर सोडून हिंडतो, आणि ते कुणालाच दिसलं नाही तर हिरमुसतो. मग लिफ्टमध्ये उगीच हात वर करून आळस दिला जातो. शर्ट वर सरकतो. शेजारचे काका आस्थेने विचारतात, "कंबरदुखीचा पट्टा का?"

हिंजवडीला नोकरी, कोथरूडला फ्लॅट, चाळिशी दोन-चार वर्षांवर आलेली. उभ्या आयुष्यात याने कुणाची गचांडी धरलेली नाही. रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं की हा "असू द्या, असू द्या" म्हणत उतरतो. अशा माणसाला रोज कमरेला सुरी कशाला लागते, हे घरातल्या सगळ्यांनी विचारून झालंय. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "हे शस्त्र नाही, अवजार आहे." सोसायटीच्या वॉचमनला, सासूबाईंना आणि पेपरात कोयता गँगची बातमी वाचून धास्तावलेल्या आईला त्याने हे एकाच सुरात सांगितलेलं आहे.

त्याचा पंथ न मिटणाऱ्या पात्याचा. मिटणाऱ्या चाकूचं नाव काढलं की तो रामपुरीची आणि जुन्या हिंदी सिनेमातल्या खलनायकांची एकदमच कीव करतो. मिटणारा चाकू म्हटला की खीळ आली, खिळीत पेरूचा गर आला, गरात मुंग्या आल्या. न मिटणारं पातं नळाखाली धरलं की स्वच्छ. शिवाय अशा कित्येक सुऱ्यांत पोलादाचा एकच तुकडा टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत जातो, याला तो 'फुल टँग' म्हणतो आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणतो. इथपर्यंत त्याचं चुकत नाही. अडचण लांबीची. मोठं पातं कमरेला लावून गाडीत बसलं की मूठ बरगडीत रुतते आणि सीटबेल्ट लागत नाही. म्हणून पातं अडीच ते तीन इंच. हा आकडा एकदा ठरला आणि बाकी सगळं ठरायचं राहिलं, ते आजतागायत राहिलेलं आहे.

पहिली खरेदी सगळेच सरदार चुकवतात. काळा लेप दिलेलं, जवळजवळ पाच मिलिमीटर जाडीचं पातं त्याने घेतलं. वर्णनात लिहिलं होतं की याने दार उचकटता येतं. घरातलं एकही दार अडकलेलं नव्हतं, म्हणून त्याने सफरचंद घेतलं. पातं अर्ध्यात गेलं आणि सफरचंद कटकन उकललं. बायकोने दोन्ही भकलं हातात घेऊन पाहिली. "हे चिरलंस की फोडलंस?"

प्रश्न वर्मी लागला, पण त्यातून तो शिकला हेही खरं. धार कितीही तीक्ष्ण असली तरी धारेच्या मागचं पातं जाड असेल तर ते पाचरीचं काम करतं: गाजर तडकतं, सफरचंद उकलतं, टोमॅटो चेपतो. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असतात त्या उगीच नाही. त्याच्या आईला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं, कारण तिच्याकडे विळी आहे. न मिटणाऱ्या पात्याचा विचार करायचा तर विळीइतकं न मिटणारं, पाटाला ठोकलेलं पातं दुसरं कुठलं? सरदाराला हे पटतं. फक्त ती पट्ट्याला लावता येत नाही.

जाडीचं उमगल्यावर पोलादाचं वेड सुरू झालं. हा टप्पा सर्वात लांब आणि सर्वात महाग. आधी डी-टू. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम, हे आकडे तो भाजीवाल्यासमोरही म्हणतो. भोसरीला टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या त्याच्या मामांनी ते पातं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, याचे आम्ही पंच आणि डाय करतो. वर्कशॉपच्या कोपऱ्यात तुकडे पडलेले असतात. फुकट दिले असते." त्या दिवसापासून डी-टू त्याच्या मनातून उतरलं.

मग रॉकवेल. हिऱ्याचं शंकूच्या आकाराचं टोक दीडशे किलोच्या भाराने पोलादात दाबायचं आणि ते किती खोल गेलं त्यावरून कठीणपणा सांगायचा, अशी ही चाचणी. छप्पन्न आला तर पातं लवकर बोथटतं पण सहाणेवर पटकन वळणीवर येतं. बासष्ट आला तर धार टिकते, मात्र पातं हाडाबिडावर आपटलं तर टवका उडतो आणि परत धार लावताना जीव जातो. सरदाराच्या घरी हाड येत नाही, घर शाकाहारी आहे. तरीही साठ की एकसष्ट, या एका अंकाने त्याच्या कित्येक रात्री खाल्ल्या.

२०२१ मध्ये मॅग्नाकट आलं. लॅरिन थॉमस नावाच्या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाने खास सुऱ्यांसाठी रचलेलं पोलाद. चिवट, गंज न धरणारं, आणि धारही टिकवणारं. लग्नाच्या स्थळात सगळे गुण एकत्र दिसले की शंका येते, पण सरदाराला आली नाही. ते पोलाद बनवणारी क्रुसिबल ही जुनी अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा त्याने ऑफिसात अर्धा दिवस कुणाशी बोलणं टाळलं. साहेबांना वाटलं, घरी काही वाईट घडलं.

इतकं सगळं झाल्यावर त्याच्या हाताला खरोखर जमली ती स्वीडनच्या मोरा गावची सुरी. ती बनवणारी कंपनी आपली सुरुवात १८९१ ची सांगते. एल्ड्रिस नावाचं तिचं छोटं रूप आहे: एकोणसाठ मिलिमीटरचं पातं, दोन मिलिमीटर जाडी, प्लॅस्टिकचं म्यान. फळं चिरते, दोरी कापते, पेन्सिलीला टोक काढते. तिच्यात वाईट एवढंच की ती स्वस्त आहे आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. म्हणून ती ड्रॉवरमध्ये असते आणि कमरेला दुसरी असते. ती दुसरी म्हणजे इझुला, पेरूच्या जंगलातल्या जहरी मुंगीवरून नाव पडलेली. सरदार ही मुंगीची गोष्ट सांगतो, समोरचा "पेरूच्या बागेत मुंग्या होतातच" म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो.

कायदा त्याने पाठ केलाय. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. तो कागद लॅमिनेट करून त्याच्या पाकिटात असतो. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम ३७ आहे. सण, निवडणूक, मोर्चा असं काही आलं की त्याखाली आदेश निघतो, आणि तेवढे दिवस सुऱ्याच काय, लाठ्याकाठ्या घेऊन फिरायलाही बंदी. तिथे इंच मोजत नाहीत. पुण्यात सणांना खंड नसतो.

त्यात मॉलचं दार, मेट्रोचं तपासणी यंत्र, सिनेमागृह, ऑफिसचं फाटक. विमानतळावर तर केबिन बॅगेत सुरी चालतच नाही. ही सगळी ठिकाणं वजा केली तर रोज बाळगायची सुरी शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी बाळगता येते. बाकीचे दिवस ती घरी खोबरेल तेल लावून ठेवलेली असते, कारण पावसाळ्यात कार्बनच्या पोलादाला कपाटातही गंज चढतो.

घरी असली तर पार्सलं तरी उघडावीत? नाही. खोक्याच्या चिकटपट्टीचा गोंद पात्याला लागतो. त्यासाठी त्याने स्टेशनरीच्या दुकानातून वेगळा कटर आणलाय. मुख्य सुरीची धार तो डाव्या हाताच्या केसांवर तपासतो. त्यामुळे उन्हाळ्यात अर्ध्या बाह्या घातल्या की सरदार दुरून ओळखू येतो: एक हात केसाळ, एक गुळगुळीत.

मामेभावाच्या लग्नात त्याची खरी परीक्षा झाली. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात कट्यार होती आणि टोकाला, रीतीप्रमाणे, लिंबू खोचलेलं. करवल्या हसत होत्या, वाजंत्री वाजत होती, आणि सरदार एकटा लिंबाकडे बघत कळवळत होता. "अरे, आम्ल आहे ते! टोकाला खड्डे पडतील." मामींनी त्याला बाजूला घेऊन जेवायला बसवलं.

खेड तालुक्यातला रसाळगड-सुमारगड-महिपतगड हा ट्रेक मात्र त्याला फार मानवला. सुमारगडाची वाट रानातून जाते, वाटाड्याशिवाय सापडत नाही. बरोबर आलेल्या काकांच्या कमरेला, पाठीमागे, आकडी होती आणि तिच्यात कोयती लटकत होती. हात मागे गेला की कोयती हातात, फांदी तोडली की कोयती परत आकडीत, नजर वाटेवरून हलत नाही. सरदार थबकला. पाठीमागे आडवी सुरी बाळगण्याची ही पद्धत शिकायला त्याने परदेशातून कायडेक्स नावाच्या प्लॅस्टिकचं म्यान मागवलं होतं, आणि अजून ते काढता-घालता त्याचा शर्ट अडकत होता.

"काका, स्टील कुठलं हो?"

"गाडीच्या पाट्याचा."

सरदार मोहरला. ट्रकच्या कमानीचे पाटे म्हणजे अमेरिकेतले कारागीर ज्याला ५१६० म्हणून डोक्यावर घेतात त्याच जातकुळीचं स्प्रिंगचं पोलाद. त्याने कठीणपणा विचारला. काका म्हणाले, लोहाराला विचारा. त्याने आपली इझुला दाखवली. काकांनी ती तळहातावर घेतली, अंगठा धारेवरून आडवा फिरवला आणि मान डोलावली. "धार बरी हाय. मूठ कधी बसवणार?" इझुलाचा दांडा नुसता पोलादाचाच असतो हे समजावण्यात अर्धा चढ संपला.

आणि खंडेनवमी आली. हा सरदाराचा सण. घरातली सगळी अवजारं पुसून चौरंगावर मांडायची, फुलं वाहायची. त्याने आपली फौज लांबीप्रमाणे ओळीने लावली. आईने त्या ओळीत विळी, अडकित्ता, पाना-पक्कड आणि नेलकटर घुसवून शिस्त मोडली. ओल्या हळदीकुंकवावरून थोडी वादावादी झाली. शेवटी कुंकू मुठींना लावायचं ठरलं. मग आईने कोहळा पुढे ठेवला, चांगला हातभर.

"चीर. एवढ्या सुऱ्या आहेत, एक तरी कामाला येऊ दे."

अडीच इंची पातं कोहळ्यात मुठीपर्यंत गेलं आणि तिथेच बसलं. ना आत, ना बाहेर. सरदाराने घाम पुसला. आणि त्याला आठवलं की लाकूड फोडायला सुरीच्या पाठीवर दांडक्याने ठोकतात, त्याला बॅटनिंग म्हणतात, आणि त्याने त्याचे तासन्‌तास व्हिडिओ पाहिलेले आहेत. त्याने हाताचा तळवा पुढे केला. "लाटणं."

बायकोने लाटणं दिलं. ठोक, ठोक, सुरी थोडी ओढून पुन्हा ठोक, असा कोहळ्याला पूर्ण वळसा घातला गेला आणि कोहळा दोन भागांत पडला. आईने हात जोडले. सरदाराने पातं पुसलं, भिंगातून धार पाहिली. टवका नाही, काही नाही. "बघितलंस? फुल टँग!"

बायको लाटणं बघत होती. त्याला ओळीने खाचा पडल्या होत्या. अशा सुरीच्या पाठीची कड मुद्दाम काटकोनात धारदार ठेवतात, चकमकीच्या कांडीवर घासून ठिणगी पाडता यावी म्हणून, असं सरदाराने सविस्तर समजावून सांगितलं. रात्रीच्या पोळ्या रेघारेघांच्या झाल्या. जेवताना तिने फोन बघून सांगितलं, "नवीन लाटणं मागवलंय, परवा येतंय. पार्सल तूच उघड, पण त्या कटरने."