बाई घराबाहेर पडते

न्यूयॉर्कशेजारच्या लाँग आयलंडवर, बंगला-मोटार-नवरा-पोरं सगळं असून वैतागलेल्या बाईला घराबाहेर पडायला काय लागतं? एक मुडदा! सुझन आयझॅक्सच्या १९७८च्या ‘कॉम्प्रमायझिंग पोझिशन्स’ या रहस्यकादंबरीतली ज्युडिथ सिंगर इतिहासातली पीएचडी अर्धवट सोडून संसारात पडलेली. हिरड्यांच्या डॉक्टरचा खून होतो आणि बाईंच्या अंगात वारं शिरतं. डॉक्टर रंगेल, कित्येक शेजारणींचे नको ते फोटो त्याच्याकडे. पोलीस जबान्या घेतात. ही नुसती गप्पा मारते, आणि बायका हिच्याजवळ भडाभडा बोलतात. नवरा म्हणतो, नसत्या भानगडीत पडू नकोस. (रहस्यकथांतले नवरे दुसरं म्हणतात तरी काय!) तपास अधिकारी मात्र तिचं म्हणणं नीट ऐकून घेतो. खुनापेक्षा हेच पचायला जड.