आबांचा आजीवन परवाना

मी शनिवारी रात्री डोंबिवलीत जी घेतो तिचा आस्वाद घेतो. आबा, म्हणजे माझे वडील, मालवणात रोज संध्याकाळी जी घेतात ते व्यसन. फरक उघड आहे. माझी बाटली स्कॉटलंडहून येते, तिच्या खोक्यावर डोंगराचं चित्र असतं, आणि पहिला घोट गेल्यावर मी डोळे मिटून तिच्याविषयी काहीतरी बोलतो. आबा डोळे उघडे ठेवून पितात. हुर्राक, त्यात मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. बोलतात ते नारळाच्या दराविषयी.

आबा ऐंशीचे आहेत आणि रक्तदाबाची गोळी घेतात. मी मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधतो, त्यामुळे वैद्यकशास्त्र मला आपोआप अवगत झालेलं आहे. साहजिकच मे महिन्यात घरी गेल्यावर त्यांना सुधारायची जबाबदारी माझ्यावर आली. दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023मध्ये सांगितलं, ते मी त्यांना मोबाइलवरून वाचून दाखवलं. आवाजात बेताची कळकळ घातली. (हे स्कॉचलाही लागू आहे, पण विषयांतर नको म्हणून तेवढं गाळलं.)

आबा उठले. कपाटातून आधारकार्डाचं पाकीट काढलं आणि त्यातून एक लॅमिनेट केलेला कागद माझ्यापुढे धरला.

"ह्यो बघ परवानो. सरकार म्हणता, तब्येतीसाठी घे. तुझी ती संघटना खयच्या तालुक्यात येता?"

आता या परवान्याविषयी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. आपल्या राज्यात कायद्याने अजून दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा 1949चा कायदा, मोरारजीभाईंच्या काळातला. नाव बदलून तो आजही जिवंत आहे. त्यानुसार प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो आरोग्य जपण्यासाठी. विदेशी एक दिवस प्यायची तर पाच रुपये, देशी असेल तर दोन, वर्षाचे शंभर, जन्मभराचे एक हजार. म्हणजे या राज्यात जो पितो तो एकतर औषध घेतो नाहीतर गुन्हा करतो, तिसरी सोय नाही. 1951मध्ये बालसरा नावाचे गृहस्थ या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. कायदा बराचसा टिकला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बंदीतून सुटली. सत्तर वर्षांहून जुना हा निकाल मी मित्रांना प्रत्येक बैठकीत ऐकवतो. हल्ली ते मला उशिरा बोलावतात.

आमच्याकडे तर गंमत दुप्पट. तेरेखोलच्या खाडीअलीकडे दारूबंदी आणि पलीकडे पोर्तुगीज. डिसेंबर 1961मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा आबा सोळा वर्षांचे होते. देश एक झाला, पण बाटलीची वेस जागच्या जागी राहिली. काजूचंही तेच. आमच्या बागेतली कलमं वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राची, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7. बी विकायची आणि बोंडू झाडाखाली कुजू द्यायचा. तोच बोंडू पत्रादेवीच्या पलीकडे जन्मला असता तर त्याच्या रसाची पहिल्या भट्टीला हुर्राक झाली असती, दुसऱ्या भट्टीला फेणी. त्या फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या बोंडूला मुंग्या मिळतात. आबांची हुर्राक घरापर्यंत कशी येते, ते मी विचारत नाही. इन्सुलीच्या नाक्यावर कुणी विचारलं नसेल, तर मी कोण विचारणार? पण गोव्याची बाटली या परवान्यात बसत नाही, हा मुद्दा मात्र मी मांडलाच.

"तू डॉक्टर की वकील, ता एकदा ठरव," आबा म्हणाले.

खऱ्या डॉक्टरांकडे, कुडाळला, मीच घेऊन गेलो. झोप? मी सांगितलं. भूक? मी सांगितलं. "दारू घेता का?" याचं उत्तर तर मी तयारच करून नेलं होतं, आकडेवारीसकट. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकलं आणि मग खुर्ची वळवून तेच प्रश्न आबांना पुन्हा विचारले. गोळीबरोबर दारूने काय होऊ शकतं, रात्री उठताना चक्कर कशी येते, हे त्यांनी आबांनाच नीट सांगितलं आणि म्हणाले, "आता ठरवायचं तुम्ही." आबांनी दोनाचा एक ग्लास केला. परतताना गाडीत म्हणाले, "तपासणी माझी आणि जबानी तुझी?"

आई-वडिलांच्या सांभाळाचा 2007चा कायदाही मी वाचला. मुलांनी काय द्यायचं ते त्यात आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे असावी, याविषयी अवाक्षर नाही.

दारूने बसलेली घरं आमच्याच वाडीत आहेत. ट्रॉलरवरची कमाई बंदरावरून घरी येईपर्यंत संपायची आणि सकाळी बाई शेजारी तांदूळ उसने मागायची. माझे एक काका त्यातच गेले, पन्नाशीच्या आत. आबांचा ग्लास सातला भरतो आणि आठला धुऊन पालथा होतो, हे दिसत असूनही मी त्यांच्याशी बोलतो ते काकांशी बोलायचं राहिलेलं. आणि खरं सांगायचं तर दारूचं एवढं नाहीच. हा माणूस मला न विचारता म्हातारा होतो आहे. गुडघे, कान, विसरलेली नावं, यातलं काहीही मला डोंबिवलीहून थांबवता येत नाही. बाटली तेवढी हातात येण्यासारखी आहे, म्हणून मी तिच्यामागे लागतो.

आईला हे माझ्याआधी कळलं असावं. बांगडा तळता तळता तिने मला सुनावलं, "तू चार दिसांनी मुंबैक जातलंस. ह्यो एक गिलास पोटात गेलो, की हे माझ्याशी बोलतत. नायतर दिवसभर माका भितीशी बोलूचा लागता. तो पण बंद करतंस, तर तूच हय येवन रव."

मी बांगडा खाल्ला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आबांनी सहज विचारलं, "झिला, तुझो परवानो खय आसा?"

माझ्याकडे परवाना नाही. कधीच नव्हता. आबांनी मिरची ग्लासात सोडली. "म्हणजे मी घेतंय ता औषध आणि तू घेतंस तो गुन्हो."

अर्ज भरायला बसलो. हजार रुपये आबांनी आपल्या पेन्शनमधून काढून दिले. फोटोसाठी मी निळा शर्ट घातला, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पांढरो घाल. तेच्यात तरी तू जरा निरोगी दिसतलंस."