क्वीश आणि खवीस

अश्दोदला जायचं ठरलं तेव्हा घरातून पहिला शेरा आला तो असा : "तुमी आदी बाजारातलो रस्तो धड वलांडा, मगे इस्रायलाक जावा." तिकडे काणाडोळा करून मी हिब्रूतले रस्ते पाठ करायला बसलो. मुंबईचा माझा कॉलेजमित्र बेने इस्रायली, मूळचा अलिबागकडचा. त्याचं घरदार आता तिकडे.

हिब्रूत रस्त्याला म्हणतात क्वीश. मालवणी माणसाने हा शब्द एकदा ऐकला की जन्माला पुरतो, कारण आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर रस्त्यावर खवीस असतोच. तहाना म्हणजे बसथांबा. एसटीची वाट बघत उन्हात उभं राहिलं की जी लागते, तीच. ड्रायव्हर म्हणजे नहाग. हा शब्द लक्षात राहतो, फक्त हाक मारताना दचकायला होतं. वाहतूककोंडीला ते बाटलीच्या बुचाचाच शब्द वापरतात, पकाक. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर अडकलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. त्या महामार्गाचा नंबर १७ चा ६६ झाला, बूच तेच.

सिग्नलला रमझोर. रेमेझ म्हणजे इशारा, ओर म्हणजे उजेड. शतकानुशतकं मुख्यतः पोथ्या-प्रार्थनांत राहिलेली भाषा चौकात आणायची, तर असे जोड लावावेच लागले. बस मात्र त्यांचीही 'ओटोबुस'च. आपल्याकडे सावरकरांनी महापौर दिला, दिनांक दिला, पण तांबडा दिवा सिग्नल तो सिग्नलच.

शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या बहुतेक बस थांबतात, त्या शनिवारी काळोख पडल्यावर निघतात. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायलींना, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून, 'शनवार तेली' म्हणत. तिकडे अख्खं आगारच शनवार तेली.

खरी पंचाईत यमीना आणि स्मोलाची, म्हणजे उजवं-डावं. तिथे गाड्या उजव्या बाजूने, अक्षरंही उजवीकडून. आणि आम्हाला मुळात दिशांची सवय नाही. मालवणात पत्ता असा सांगतात : "भरडावरसून वायच फुडे जा, वडाकडे खाली उतर, आनी कोणाकय इचार." यात डावं नाही, उजवं नाही, किती पुढे तेही नाही, आणि तरी आजवर कोणी हरवलेला नाही.

तयारी झाल्यावर मित्राच्या आईला फोन लावला. ऐंशी ओलांडलेली बाई, घरात मराठीच बोलणारी. मी घसा साफ करून विचारलं, "एइफो हातहाना हामेरकाझीत?" मध्यवर्ती बसस्थानक कुठे आहे?

"काय रे, घसा बसलाय का तुझा?"

"नाही मावशी, बसस्टँडवरून घरी कसं यायचं ते विचारतोय. यमीना की स्मोला?"

"ते कशाला हवंय तुला? उतरलास की समोर भाजीवाला बसतो. त्याला सांग, मराठी आजीकडे जायचंय. तो आणून सोडेल."