हक्क तिसऱ्या मजल्यावर

ग्रामीण माणसाच्या हक्कांसाठी मानवाधिकार अधिकारी नेमायचा, तर त्याची कचेरी सांताक्रूझ पूर्वेलाच हवी. विमानतळ जवळ, देणगीदार पाहुणे उतरले की अर्ध्या तासात तळागाळात पोचतात. जव्हार-डहाणूकडच्या दावेदारांचं तेवढं अवघड. जलद गाडी सांताक्रूझला थांबत नाही. अंधेरीला उतरा, धीमी पकडा, मग तिसरा मजला, लिफ्ट बंद.

साहेबांच्या टेबलावर २००६चा वनहक्क कायदा असतो, पानोपानी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेला. नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदनही पुरावा ठरतं. साहेबांना तो तोंडपाठ आहे. तरी विचारतातच, "ते ठीक आहे काका, पण सातबारा आणलाय का?"

सातबारा नावावर असता, तर काका भाताची कापणी सोडून वाकोल्यात कशाला आले असते?

मार्च २०१८मध्ये हजारो शेतकरी-आदिवासी वनजमिनीच्या दाव्यांसह अनेक मागण्या घेऊन नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आले. दहावीच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून सायन ते आझाद मैदान हा शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतच उरकला. साहेबांनी त्यावर चकचकीत अहवाल काढला, अर्थात इंग्रजीत. पहिलीच शिफारस: या लोकांना संघटित कसं व्हावं, याचं प्रशिक्षण द्यावं.